स्वयंपाकघराच्या नळाचं पाणी

१

बुधवारच्या टपालात प्रयोगशाळेचा कागद आला आणि व्हर्ना स्टिडमच्या तोंडची कॉफी कडू झाली.

सव्वीस वर्षं ती टॅकेट काउंटीच्या या दीड खोलीच्या कार्यालयात सरकारी हमीच्या घरकर्जाचे अर्ज तपासत होती. अटी तिला झोपेतही पाठ होत्या. घर खेड्यात हवं. टॅकेट काउंटीत दुसरं काही नसलं तरी खेडं मुबलक होतं, त्यामुळे ही अट आपोआप पार पडायची. घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची कमाई मोजून ती ठरलेल्या आकड्याच्या आत हवी. आणि घर धडधाकट हवं, पाणी पिण्याजोगं हवं.

डेल्फा सायझमोरचा अर्ज पहिल्या दोन अटींतून सुखरूप निघाला होता. ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची उठबस करायची. दोन मुली, आणि कोळशाच्या खाणीत फुप्फुसं घालवून बसलेला बाप ऑर्विल. ऑर्विलची पेन्शन धरूनही कमाई मर्यादेच्या जेमतेम आत बसली. पुरात घर गेल्यापासून चौघं दोन वर्षं चाकांवरच्या एका पत्र्याच्या कॅम्परमध्ये राहत होती, आणि जे घर घ्यायचं त्याच्याच परसात तो कॅम्पर उभा होता.

आता कागद सांगत होता की त्या घराच्या बोअरच्या पाण्यात मैल्यातले जंतू आहेत. थोडेथोडके नाहीत, मोजता येणार नाहीत इतके.

दहा वाजता डेल्फा आली. रात्रपाळी करून आली होती, गणवेश तसाच.

"आता पुढे काय, मिस व्हर्ना?"

"बोअरमध्ये औषध टाकायचं, ते उतरू द्यायचं, मग पुन्हा नमुना. दोन आठवडे धर."

"साठेखताची मुदत परवा शुक्रवारी पाच वाजता संपतेय. घरमालक रॉय डीनकडे लेक्सिंग्टन शहरातलं रोखीचं गिऱ्हाईक उभं आहे. सुट्टीत येऊन दारू प्यायला त्यांना डोंगरात झोपडी हवीय." डेल्फाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बाबाने मागचा हिवाळा ऑक्सिजनची नळी लावून त्या डब्यात काढलाय. आणखी एक नाही काढायचा तो. कुणीतरी हे मुद्दाम केलंय."

"पाण्यात जंतू कुणी मुद्दाम सोडत नाही, डेल्फा."

"दोनशे फूट खोल बोअर आहे. वर लोखंडी झाकण. मैला उतरला कुठून?"

व्हर्नाने आजवर ऐकलेल्या बहाण्यांची यादी केली असती तर फाइल पुरली नसती, पण हा बहाणा वाटत नव्हता. तिने कोट उचलला.

२

रॉय डीन कॉडिलने दार उघडलं तेच हसत. आई गेल्यावर हे घर त्याच्या गळ्यात पडलं होतं आणि ते कधी एकदा काढून टाकतो असं त्याला झालं होतं.

"माझ्यावर संशय का? या, झडती घ्या."

"शुक्रवारी पाचनंतर तुझा फायदाच आहे."

"आहे की! नाकारतो कुठे? डेल्फापेक्षा जास्त देतायत ते. पण मी बसून राहिलो तरी तुमचं सरकार कागदावर कागद मागून मुदत उलटवणारच होतं. मी कशाला हात खराब करू?"

माणूस नालायक होता, पण हे मात्र खरं बोलला, याचाच व्हर्नाला जास्त राग आला.

त्याने तिला घरभर फिरवलं. डेल्फाने रिकामं घर आधीच घासूनपुसून लख्ख केलं होतं. मागच्या खोलीच्या दारात लाकडी उतार ठोकला होता, ऑर्विलची ऑक्सिजनची गाडी चढवायला. अजून घर नावावर नाही आणि बाईने बापाची खोली लावून ठेवली होती. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या सिंकमध्ये मात्र नळाखाली विटकरी रंगाची एक जीभ उतरली होती.

"ती नाही निघायची," रॉय डीन म्हणाला. "व्हिनेगरने घासा, ॲसिडने घासा. माझ्या आईने जन्मात पांढरी चादर घेतली नाही. पहिल्याच धुण्यात गंजासारखी पिवळी."

त्याने नळ सोडला. पाणी आधी लालसर आलं, मग हळूहळू जरा फिकट झालं. वास खिळ्यांचा.

"हे पिऊन तुझी आई किती जगली?"

"त्र्याण्णव," तो म्हणाला आणि नळ बंद केला.

परसात कॅम्परच्या पायरीवर ऑर्विल बसला होता. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनची टाकी, मांडीवर टोपी. व्हर्नाच्या वडिलांबरोबर त्याने एकाच खाणीत अठरा वर्षं काढली होती.

"बस, पोरी. त्या नळाचं प्यायली नाहीस ना?" त्याने पायाशी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून पेला भरला. "हे घे. वळणावरच्या झऱ्याचं. दर मंगळवारी आणतो. एवढं अजून जमतं मला."

पाणी गार आणि काचेसारखं होतं. व्हर्ना घटाघटा प्यायली. तिच्या कार्यालयातही याच झऱ्याचा कॅन असायचा; सगळ्या काउंटीच्या घरात असायचा. डोंगरातून निघालेला एक पाइप, खाली दगडी कुंड, आणि रविवारी चर्चनंतर गाड्यांची रांग.

"नमुना घेतला त्या दिवशी इथे कोण कोण आलं होतं, ऑर्विल?"

"हर्शेल नोबल आला होता, तो आरोग्य खात्याचा. दुपारी ट्रीना बीन्स देऊन गेली. बाकी कोण येतंय आमच्याकडे?" त्याला ढास लागली. ती थांबल्यावर त्याने विचारलं, "होईल ना गं काम? डेल्फा आता माझ्यासमोर रडतही नाही."

व्हर्ना "बघते" म्हणाली. सव्वीस वर्षांत हा शब्द तिने इतक्यांदा वापरला होता की त्यात काही उरलं नव्हतं.

३

ट्रीना ही डेल्फाची थोरली बहीण. कोर्टासमोरच्या डायनरमध्ये ती वाढपाचं काम करायची. व्हर्नाला पाहताच तिने हातातलं फडकं टेबलावर आपटलं.

"सरकार जेवायला आलंय की तपासाला?"

"ट्रीना, मागच्या मंगळवारी तू डेल्फाकडे गेली होतीस."

"गेले होते. बीन्स आणि कॉर्नब्रेड घेऊन. विष घरी विसरले." तिने कॉफी इतक्या जोरात ओतली की बशीत सांडली. "तुला वाटतंय मी बहिणीचं वाटोळं केलं? तीन वर्षांपूर्वी माझं झालं म्हणून?"

तीन वर्षांपूर्वी ट्रीनाने याच कर्जाचा अर्ज केला होता. लाकडाच्या वखारीत काम करणारा तिचा मोठा मुलगा तिच्याच घरी राहत होता. त्याची कमाई धरली तर मर्यादा ओलांडत होती, म्हणून तिने लिहिलं होतं की तो इथे राहत नाही. व्हर्ना पाहणीला गेली आणि ओसरीवरचे वखारीचे बूट पाहून परत आली. शेरा तिनेच मारला: घरातल्या व्यक्तीकडून खोटी माहिती, अर्ज बाद, पुन्हा करता येणार नाही.

"नियम होता," व्हर्ना म्हणाली.

"होता ना. मी अजून भाड्याच्या घरात आहे आणि पोरगा ओहायोला निघून गेला. आता खरंच राहत नाही तो माझ्याकडे. येऊन बूट मोज." ट्रीनाचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. "डेल्फाला घर मिळायला हवं. निदान एकीला तरी. तू त्या हर्शेलला का विचारत नाहीस? नमुना त्याने घेतला ना?"

"त्यानेच. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, स्वयंपाकघराच्या नळाचा. कागदावर सही आहे."

ट्रीना मध्येच थबकली. "मंगळवारी नऊला?"

"का?"

"मंगळवारी नऊला हर्शेल त्या कोपऱ्यात बसलेला असतो. बिस्किटं आणि ग्रेव्ही, दोनदा. साडेदहाच्या आत उठत नाही. मागच्या मंगळवारी मीच वाढलंय त्याला."

व्हर्नाने पिशवीतून कागद काढला. वेळ पाहायची होती, पण नजर खालच्या ओळींवर घसरली. सकाळपासून जंतूंपलीकडे तिने काही वाचलंच नव्हतं. नायट्रेट, शिसं, मग लोह. लोहापुढे लिहिलं होतं: आढळलं नाही.

ज्या नळाने त्र्याण्णव वर्षांच्या बाईला पांढरी चादर घेऊ दिली नाही, त्या नळाच्या पाण्यात लोह नाही. हे पाणी त्या बोअरचं नव्हतंच.

४

हर्शेल शाळेत व्हर्नाच्या मागच्या बाकावर बसायचा आणि तेव्हाही उत्तरं बघूनच लिहायचा. आरोग्य खात्याच्या मागच्या खोलीत तिने कागद त्याच्यासमोर ठेवला आणि लोहाच्या ओळीवर बोट टेकलं.

"मला पेन्शनीला चौदा महिने राहिलेत, व्हर्ना."

"बाटली कुणी भरली?"

"साऱ्या काउंटीला मी एकटा आहे. गुडघे गेलेत. आठ वाजता गेलो तर घराला कुलूप, किल्ली म्हाताऱ्याकडे आणि म्हातारा अजून उठतोय. मग काय, बाटली त्याच्या हातात दिली. म्हटलं, पाच मिनिटं नळ सोड, मग भर, बाटली विसळू नकोस, पायरीवर ठेव. साडेदहानंतर उचलली. सगळ्यांकडे असंच करतो. वीस वर्षांत कधी काही झालं नाही."

"आणि सही?"

"सही माझीच लागते. खरेदीदार नको, विकणारा नको, तिऱ्हाईत हवा." तो पुढे झुकला. "हे बघ, रॉय डीनने बदलली म्हणू. बाटली तासभर पायरीवर होती. सगळे विश्वास ठेवतील. त्याचं कुणाला काय पडलंय?"

मोह झाला नाही असं नाही. बाहेरच्या माणसाने ढवळाढवळ केली असं सिद्ध झालं तर नमुना रद्द, उद्या सकाळी दुसरा, चोवीस तासांत निकाल, शुक्रवारी पाचच्या आत मंजुरी. सगळं बसत होतं. फक्त ते खरं नव्हतं. रॉय डीनला मुदत उलटण्याची वाट बघायची होती, एवढाच त्याचा गुन्हा.

"उद्या आठला बाटली घेऊन ये," ती म्हणाली. "आणि पहिली कुणाच्या हातात दिली ते लिहून सही कर. खरं नाव लिही. नाहीतर वीस वर्षांच्या सगळ्या सह्या मी उघड्या करते."

हर्शेलने लिहून दिलं. देताना तो म्हणाला, "म्हाताऱ्याचं नाव तुझ्या अर्जात आहे ना गं? घरातला म्हणून?"

व्हर्नाचा हात कागदावरच थांबला.

५

ऑर्विल अजून पायरीवरच होता. ऊन कलून त्याच्या गुडघ्यांवर आलं होतं. व्हर्नाने प्रश्न विचारला तेव्हा तो चपापला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर हुशारी केलेल्या माणसाचं हसू आलं.

"कुणाला सांगू नकोस, पोरी. नळ सोडला तर लालभडक पाणी. पाच मिनिटं सोडला, तरी डोळ्यांना लालच दिसत होतं. म्हटलं, सरकारी माणूस हा रंग पाहील आणि सरळ नाही म्हणेल. मग गाडी काढली, वळणापर्यंत गेलो आणि झऱ्याचं भरलं." त्याने दम घेतला. "टॅकेट काउंटीतलं सगळ्यात चांगलं पाणी दिलं मी त्यांना. माझ्या आजोबाने तो पाइप ठोकलाय."

व्हर्नाला वाटलं, इथेच उठावं आणि निघून जावं. डेल्फा नाहीतरी शुक्रवारी घर गमावणारच होती. कशामुळे ते या माणसाला कळायलाच हवं का? पण तो तिच्याकडे बघत होता, आणि तिचा चेहरा सव्वीस वर्षांत काही लपवायला शिकला नव्हता.

"ऑर्विल, लोह चालतं. चादरी लाल झाल्या तरी सरकारला काही देणंघेणं नाही. बोअर चांगली असणार." ती थांबली. "जंतू झऱ्याच्या पाण्यात आहेत. वर डोंगरात आता घरं झालीत, त्यांचा मैला मुरतोय."

त्याने पायाशी ठेवलेल्या कॅनकडे पाहिलं. नातींना तो हेच पाजत होता. टाकीतून हवा येण्याचा तेवढा आवाज होता.

"म्हणजे मी," तो शेवटी म्हणाला. "मीच बुडवलं तिला."

"नमुना रद्द करता येतो. बाहेरच्या माणसाने लुडबुड केली असती तर. पण तू घरातला आहेस. अर्जात आहेस. घरातल्या माणसाने फसवलं की अर्ज बाद, आणि पुन्हा कधीच नाही. मीच लिहिलाय हा शेरा, तुझ्या ट्रीनासाठी."

"माझं नाव काढ मग."

"काय?"

"अर्जातून काढ. लिही की म्हातारा पहिल्या तारखेपासून ट्रीनाकडे राहतो. इथे नुसता बसायला येतो. म्हणजे मी कुणीतरी बाहेरचा खुळा, ज्याने उगाच नाक खुपसलं." त्याचा श्वास लागत होता, पण डोक्याने तो खाणीतल्या मुकादमासारखा भराभर चालला होता. "पेन्शनशिवाय बसतं ना तिचं?"

"बसतं. पण मग तुला तिथे राहता येणार नाही, ऑर्विल. पाहणीला लोक येतात. वर्षभर तरी नाही."

दोघांनाही ठाऊक होतं की त्याच्याकडे वर्ष नाही.

"एक अट," तो म्हणाला. "डेल्फाला सांगायचं नाही. तिला कळलं तर ती घर सोडेल, मला नाही. आई तशीच होती तिची."

त्याने उठून टोपी डोक्यावर घातली आणि कॅम्परमधून एक पिशवी घेतली. सामान एवढंच होतं. ट्रीनाच्या दारात व्हर्नाने तिला सगळं सांगितलं आणि कागद पुढे केला. ट्रीनाने तो दोनदा वाचला. 'सदर व्यक्ती या घरात राहत नाही.' तिने सही केली आणि पेन परत देताना म्हणाली, "मी लिहिलं तेव्हा खोटं होतं. तू लिहिलंस तर सरकारी."

व्हर्नाने कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

६

गुरुवारी आठला हर्शेलने व्हर्नाच्या डोळ्यांदेखत स्वयंपाकघराच्या नळाचं पाणी भरलं. बाटली फिकट चहासारखी दिसत होती. शुक्रवारी अकराला निकाल आला: जंतू नाहीत. लोह भरपूर. चार वाजून दहा मिनिटांनी मंजुरीवर सही झाली. रॉय डीनने लेक्सिंग्टनला फोन करून शिव्या खाल्ल्या आणि त्या व्हर्नाला जशाच्या तशा पोहोचवल्या. हर्शेलने वळणावर 'पिऊ नये' अशी पाटी ठोकली. रविवारी चर्च सुटल्यावर ती ओढ्यात पडलेली होती आणि गाड्यांची रांग तशीच होती.

जानेवारीत ऑर्विल ट्रीनाच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत वारला.

दफनानंतर सगळे डेल्फाकडे जमले. टेबलभर लोकांनी आणलेल्या जेवणाची भांडी होती, तळाला चिकटपट्टीवर ज्याचं त्याचं नाव लिहिलेलं. डेल्फा व्हर्नाला मागच्या खोलीच्या दारात घेऊन गेली. दारात लाकडी उतार होता. आत पलंग होता, त्यावर पांढरी चादर, धुऊन पिवळी पडलेली.

"एक रात्रसुद्धा राहिला नाही, मिस व्हर्ना. जेवायला बोलावलं तर उंबऱ्यावरूनच परत जायचा. ट्रीनाचं घर बरं वाटलं त्याला. एवढं काय केलं होतं मी?" ती आता रडत होती, कुणाच्याही समोर. "मी त्याला बोलले शेवटी. म्हटलं, तुझ्यासाठी घेतलं आणि तुलाच नको. ते ऐकून गेला तो. त्यानंतर आलाच नाही."

खोलीच्या पलीकडून ट्रीना व्हर्नाकडे बघत होती. तिच्या हातात कॉर्नब्रेडची थाळी होती आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं. व्हर्नाने शब्द दिला होता. नियम तिने एकदा मोडला होता, आता तिला हा शब्द मोडायचा होता. पण मेलेल्या माणसाला दिलेल्या शब्दावर कुठलाच शेरा मारता येत नाही.

"तो तुझ्यावर रागावला नव्हता," ती एवढंच म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत?" डेल्फा म्हणाली. तिने डोळे पुसले आणि पाहुण्यांकडे वळली, कारण पाहुणे होते.

व्हर्ना स्वयंपाकघरात गेली, सिंकपाशी उभी राहिली आणि नळाखाली पेला धरला. पाणी लालसर आलं.

"अहो, ते नका पिऊ!" डेल्फाने मागून हाक मारली. "तिकडे कॅनमध्ये झऱ्याचं आहे. कुणीतरी खास आणलंय आजच्यासाठी."

"ते ओतून दे, डेल्फा. कितीदा सांगू? हेच चांगलं आहे," व्हर्ना म्हणाली आणि सगळा पेला प्यायली.

डेल्फाला वाटलं, बाई आपल्या घराची लाज राखायला म्हणतेय.